चर्चा: ऐरोलीचे फ्लेमिंगो आणि घारापुरीची लेणी एकाच दिवसात उरकावीत का?

ऐरोलीकर (धागाकर्ता)

हिवाळा सुरू झाला की आमच्या वसाहतीत दरवर्षी एकाच सहलीची आखणी होते. सकाळी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने फ्लेमिंगो पाहायचे, तिथून थेट गेटवे गाठायचे आणि दुपारच्या लाँचने घारापुरीला जायचे. अशा जोडसहली थांबाव्यात आणि ठाण्याच्या खाडीतील बोटींच्या फेऱ्या तर मुळीच वाढवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात चोच उलटी बुडवून फ्लेमिंगो त्यातले शेवाळ गाळून खातात. बोटीला मात्र पाणी लागते. भरती चढू लागते, चिखलाचा पट्टा आक्रसत जातो, पक्षी उरलेल्या जागेत दाटीवाटीने चरत असतात आणि नेमक्या त्याच वेळी आपली बोट तिथे पोहोचते. एकदा थवा उठला की त्या पक्ष्यांना चिखल पुन्हा उघडा पडेपर्यंत काही तास थांबावे लागते. 2015 साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या आणि 2022 साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेल्या या खाडीत निदान पक्ष्याला निवांत खाता यावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

त्यात भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, पण सहलीचे वेळापत्रक सरकत नाही. दुपारची लाँच चुकू नये म्हणून नावाड्यामागे घाई लावली जाते आणि लेण्यांच्या वाट्यालाही उरलासुरला तासच येतो. घारापुरीचे मुख्य लेणे उत्तरेला उघडते आणि सदाशिवाची मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत, आतल्या सावलीत आहे. डोळे त्या अंधूक उजेडाला सरावल्याशिवाय तिच्या दोन्ही बाजूंचे अर्धनारीश्वर आणि गंगाधर नीट दिसतसुद्धा नाहीत.

सीवूड्सवासी

भरतीविषयीचे आपले निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. चिखल पूर्ण बुडाल्यावर हे पक्षी जातात कुठे, हा प्रश्न आपण विचारलेलाच नाही. ते नेरूळच्या डीपीएस तलावावर आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळ जागेत येऊन थांबतात. 2015 साली आखलेल्या अभयारण्याच्या हद्दीत या जागा नव्हत्या. 2024 च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात येणारे भरतीचे पाणी अडले, तलाव कोरडा पडत गेला, थवे भरकटले आणि काही पक्षी मेले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेने 39 फ्लेमिंगो गेले. बोटीमुळे थवा उठतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा उतरतो. विसाव्याची जागाच नाहीशी झाली तर त्याने कुठे उतरावे?

आणि तो तलाव वाचवण्यासाठी मानवी साखळी करून उभे राहिलेले नागरिक आले कुठून? त्यांच्यातल्या अनेकांनी हा पक्षी पहिल्यांदा सहलीतच जवळून पाहिला होता, हे मला त्यांच्याशी बोलताना कळले. फेऱ्या बंद केल्यात तर पुढच्या पिढीला खाडी म्हणजे पुलावरून दिसणारा चिखल एवढेच ठाऊक राहील.

दिवाळे कोळीवाडा

ऐरोलीकर दादा, सीवूड्सचे दादा, खाडीत रोज उतरणाऱ्यांचेही थोडे ऐकावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खारफुटीत शिरते आणि चिखल पुरता बुडतो. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असतो. तेव्हा पाणी कमी चढते, चिखलाचा वरचा पट्टा भरतीतही बराचसा उघडा राहतो आणि पक्ष्याला आपल्यापासून दूर सरकायला जागा मिळते. मोठी बोट त्या पाण्यात अडखळते, आमची उथळ होडी जाते. म्हणून फेऱ्या तिथी पाहून काढाव्यात आणि त्या खाडीकाठच्या कोळ्यांच्या हाती द्याव्यात, असे मला वाटते. भराव आणि सांडपाणी यांमुळे जिताडा, चिंबोरी, निवटी आता पूर्वीसारखी मिळत नाहीत. संरक्षणाच्या नावाने आम्हाला खाडीबाहेर काढले, तर रात्री राडारोडा टाकायला येणाऱ्या गाड्या पाहणार कोण?

ऐरोलीकर

भांगाचा मुद्दा मला मोलाचा वाटतो, पण नोकरदारांना रविवार हवा असतो आणि रविवारी अष्टमी असेलच असे नाही. मागणी वाढली की आधी तिथी सोडली जाईल, मग होडीच्या जागी मोठी बोट येईल. सीवूड्सवासी, तलाव वाचलेच पाहिजेत, यात दुमत नाही. पण डीपीएस तलाव काठावरून पायी फिरताना दिसतो. त्याच्याविषयी जिव्हाळा निर्माण होण्यासाठी बोटीत बसावे लागत नाही.

वाशीकरीण

माझ्या सासूबाईंना गुडघेदुखीमुळे तलावाच्या काठी तासभर उभे राहता येत नाही. त्यांच्यासाठी बोट हाच मार्ग आहे. घारापुरीला तर धक्क्यापासून छोटी गाडी असली तरी पुढे सुमारे 120 पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा एकाच दिवसात दोन्ही ठिकाणे हा त्यांच्यावरही अन्यायच आहे. जोडसहलीला माझाही विरोध आहे, बोट बंद करण्याला मात्र नाही. घारापुरीकरांचाही विचार व्हावा. समुद्राखालून केबल टाकून 2018 साली त्या बेटावर कायमची वीज आली. तिथली बरीच घरे पर्यटकांवर चालतात आणि घाईने आलेला माणूस त्यांच्याकडे जेवायलाही थांबत नाही.

दिवाळे कोळीवाडा

वाशीच्या ताईंचे म्हणणे मला पटते. लेणी सोमवारी बंद असतात, एवढे सोडले तर घारापुरीला कोणत्याही तिथीला जावे आणि सकाळच्या पहिल्या लाँचने जावे. रविवारची अडचण ऐरोलीकर दादांनी मांडली ती खरी आहे. म्हणूनच फेऱ्यांच्या तक्त्यावर तारखेशेजारी तिथी छापावी आणि उधाणाचे दिवस सरळ रिकामे ठेवावेत, मग तो रविवार असला तरी. तसे लेखी निवेदन करायचे असेल तर आमच्या पाड्यातले लोक सही करतील.