पाच पोरांची शाळा: चालवायची की हलवायची?

मूळ पोस्ट, थोडक्यात: राज्यात 1 ते 20 पटाच्या (मुलांच्या) शाळा 2023 मध्ये 14,783 होत्या. दोन मास्तर, पाच पोरं! पानशेत, तोरणमाळसारख्या समूह शाळा करा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एका जागी आणा, गाडी लावा, प्रश्न मिटला.

साकव: मिटला कसा? समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वाहतुकीला मुलामागे वर्षाला कमाल 6,000 मिळतात, दहा महिन्यांवर वाटले तर महिना 600. पाच मुलांचे 3,000. तेवढ्यात घाटातल्या वाडीवर रोज दोन फेऱ्या कोण मारेल? चार वाड्यांची पोरं एका जीपमध्ये भरली तर पहिल्या वाडीतलं सहा वर्षांचं पोर शाळेआधी तासभर गाडीत. आणि पहिली ते पाचवीसाठी नियम एक किलोमीटरचा आहे, तो पावसाळ्यातही लागू. साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेला की तीच शाळा वळसा घालून सहा किलोमीटर.

फळा_खडू: एक मास्तर बैठकीला किंवा ऑनलाइन माहिती भरायला गेला की दुसऱ्यापुढे चार वर्ग. पहिलीची अक्षरं आणि चौथीचा भागाकार एकाच फळ्यावर. मुलांचं हे नुकसान तुम्हाला दिसत नाही?

साकव: दिसतं. मग माहिती भरायला केंद्रावर माणूस द्या, शाळा कशाला काढता?

पट_पडताळणी: मूळ दुखणं पट मोजण्यात आहे. संचमान्यतेला, म्हणजे शाळेची शिक्षकपदं ठरवताना, 30 सप्टेंबरचा पट आणि त्यातही आधार जुळलेलीच मुलं. 15 मार्च 2024 च्या निर्णयाने सहावी ते आठवीत 20 पेक्षा कमी पट म्हणजे शून्य शिक्षक. वर्गात 21 बसतात, दोघांच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नाही, कागदावर 19. नाव आधी जन्मदाखल्याशी ताडा, चूक जिथे असेल तिथे दुरुस्त करा, ऑगस्टमध्येच. सप्टेंबरअखेर धावपळ करून उपयोग नाही.

फळा_खडू: विषय समूह शाळेचा आहे, आधारचा नाही.

उपकेंद्र: शाळा गेली की लेकुरवाळी घरं तालुक्याला जातात, मागे म्हातारे. मग दवाखानाही लोकसंख्येवरच मोजतात: डोंगरी भागात उपकेंद्राला 3,000, आरोग्य केंद्राला 20,000. फुरसं चावलेल्या माणसाला हे आकडे काय कामाचे?

फळा_खडू: सापाच्या विषावरची लस आरोग्य केंद्रात असते. उगाच घाबरवू नका.

उपकेंद्र: कुपी असणं आणि ती टोचली जाणं यात फरक आहे! आधी दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो. मग दहा कुप्या सलाईनमधून तासाभरात, शेजारी ॲड्रेनालिन भरून तयार. रिॲक्शनच्या भीतीने कोणी पहिली कुपीही न देता पुढे पाठवतो, आणि वेळ वाटेत जातो. मण्यार चावली तर रक्त गोठतं, पण पापण्या झुकतात, म्हणून नुसत्या नळीवर विसंबू नका.

फळा_खडू: हे मान्य. दोन तासांच्या वाटेवर 108 ला दोष देऊन भागणार नाही, पहिला डोस जवळच हवा. पण शाळेबाबत माझं मत तेच.

साकव: राहू द्या. फक्त एक करा: अंतर नकाशावर नको, जुलैत पायी मोजा. साकव बुडतो त्या वाडीची शाळा हलवायच्या यादीतून काढा, उरलेल्यांवर बोलू.

फळा_खडू: जुलैत मोजायला हरकत नाही. पण साकव बांधला की ती वाडी परत यादीत.

साकव: आधी बांधा.