अनुभव धागा : घरचं चॉकलेट फॉन्ड्यू, घोटाळे आणि उतारे

फॉन्ड्यू म्हणजे टेबलावर कोमट ठेवलेल्या पातळ चीज किंवा चॉकलेटमध्ये तुकडे बुडवून खायचा प्रकार. चीज फॉन्ड्यू मूळ स्वित्झर्लंडचं. चॉकलेटचं मात्र १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या शाले स्विस रेस्टॉरंटात कॉनराड एग्ली यांनी सुरू केलं. आपल्याकडे स्ट्रॉबेरी बाजारात आली की घरोघरी याचे प्रयोग होतात आणि बऱ्याचदा पातेल्यात चिखल होतो. तेव्हा प्रमाणं, भांडी, काय बिघडतं, का बिघडतं आणि कसं सावरायचं, एवढंच लिहा. 'अंदाजाने घालावं' चालणार नाही.

माझ्याकडून पहिलं माप : चौघांना २०० ग्रॅम डार्क चॉकलेट (कोको ५० ते ५५ टक्के), १५० मिली क्रीम, चिमूटभर मीठ. क्रीमला कडेने बुडबुडे आले की गॅस बंद. त्यात बारीक चिरलेलं चॉकलेट घालून दोन मिनिटं हात लावायचा नाही. मग मधोमध लहान गोल फिरवत, हळूहळू बाहेर येत ढवळायचं. आधी फाटल्यासारखं दिसतं, घाबरू नका; पंधरा-वीस फेऱ्यांत मधला भाग काळाभोर चकचकीत होतो आणि तो कडेपर्यंत पसरतो.

*

हेच माप मिल्क चॉकलेटला लावलं तर सॉस फळावरून ओघळून जातो. मिल्कला २०० ग्रॅमला १०० मिली, व्हाइटला ७० मिलीच. उलट ७० टक्के डार्कला २०० मिलीपर्यंत लागतं. कोकोचा कोरडा भाग पाणी शोषतो, म्हणून कोको जास्त तेवढं क्रीम जास्त. ही मापं पाकिटातल्या २५ टक्के फॅटच्या क्रीमची आहेत. व्हिपिंग क्रीम नावाने मिळणारं गोड, वनस्पती तेलाचं क्रीम यात घालू नका, बोर्नव्हिटासारखी चव येते.

*

चिखल होण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के रडारड त्याचीच असते.

वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखर आणि कोकोचे कण चरबीत तरंगत असतात. दोन-चार थेंब पाणी पडलं की कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळा ऐवज घट्ट गोळा होतो. गंमत अशी, की थोडं पाणी घातक, भरपूर पाणी चालतं. ५५ ग्रॅम चॉकलेटला किमान एक मोठा चमचा (१५ मिली) द्रव असेल तर गोळा होत नाही; डार्कला त्याहून जास्त. म्हणजे क्रीम एकदम घालायचं, चमचा-चमचा नाही.

पाणी येतं कुठून? ओला चमचा, नुकतं धुतलेलं पातेलं आणि सगळ्यात जास्त म्हणजे डबल बॉयलरची (गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवताना येणारी) वाफ. खालच्या पातेल्यात दोन सेंटीमीटरच पाणी, वरचं भांडं पाण्याला टेकता कामा नये आणि खालच्याच्या तोंडावर घट्ट बसायला हवं. वर झाकण अजिबात नको. झाकणाचे थेंब आतच पडतात.

गोळा झालाच तर टाकू नका. गरम क्रीम किंवा दूध दोन-दोन चमचे घालत जोरात घोटा, सुटतो. वड्या पाडायला ते चॉकलेट गेलं, फॉन्ड्यूला उत्तम.

*

करपलेल्याला मात्र उतारा नाही. डार्क ५० अंशांच्या वर, मिल्क आणि व्हाइट ४५च्या वर नेऊ नका. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर ३० सेकंद, बाहेर काढून ढवळा, पुन्हा ३०. तुकडे वितळले तरी आकार धरून बसतात, त्यामुळे 'अजून झालं नाही' म्हणून माणूस आणखी दोन मिनिटं लावतो आणि मधोमध जळतं.

*

वर तेलाचा तवंग आला तर ते फाटलंय : जास्त उष्णता किंवा पाण्याच्या मानाने फॅट जास्त. एक चमचा कोमट दूध घालून घोटा, मग दुसरा. हॅंड ब्लेंडर असेल तर अर्ध्या मिनिटात जुळून येतं.

*

कंपाउंड चॉकलेट चालतं का? चालतं, स्वस्तही पडतं. पण त्यात कोको बटरऐवजी (कोकोच्या बियांतल्या चरबीऐवजी) वनस्पती तूप असतं आणि टाळूला मेणचट थर बसतो. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडातच वितळतं. खरी मजा ती. पाकिटामागे 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' लिहिलंय का बघा. अर्धं-अर्धं करून मुलांच्या वाढदिवसाला कुणाला कळत नाही, हेही खरं.

*

टेबलावर ४० ते ४५ अंश पुरे. टी-लाइट (छोटी चपटी मेणबत्ती) एकच, ज्योत आणि भांड्याचं बूड यांत पाच-सहा सेंटीमीटर अंतर, भांडं चिनी मातीचं. स्टीलच्या वाटीत बुडाशी करपतं. स्पिरिटचा बर्नर चीज आणि तेलाच्या फॉन्ड्यूसाठी, इथे नको. पणतीने बूड काळं होतं.

*

फळं : स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची, देठ आधी काढला तर आत पाणी भरतं. कापडावर पसरून पूर्ण कोरडी करायची. फ्रिजमधून अर्धा तास आधी बाहेर. गार फळावर दव धरतं आणि चॉकलेट जाड थापलं जातं. वेलची केळं सर्वांत सोयीचं, दोन तुकडे आणि झालं. अननस टिपून घ्या. कलिंगड, पपई, पिकलेला चिकू काडीवर टिकत नाहीत. खारी बुडवू नका, पापुद्रे सगळे भांड्यात. आदल्या दिवशीचा स्पंज केक ताज्यापेक्षा बरा. मार्शमॅलोत जिलेटिन असतं, हिरवा ठिपका बघून घ्या.

*

आणि उष्ट्याचं काय? एकाच भांड्यात सगळ्यांनी चावलेलं फळ परत बुडवणं आजीसमोर चालायचं नाही. बुडवायची काडी वेगळी, खायचा काटा वेगळा. नाहीतर सरळ प्रत्येकाला ५० ग्रॅमची वाटी, खाली गरम पाण्याची ताटली.

*

क्रीमऐवजी साय नको, घोटताना लोणी सुटतं. नारळाचं पहिलं दाट दूध मात्र डार्कबरोबर छान : २०० ग्रॅमला १५० मिली, गाळून, उकळी न आणता. रम घालायची तर शेवटी, गॅसवरून उतरवून, दोन चमचे.

उरलेलं फळांचे तुकडे गाळून फ्रिजमध्ये, तीन दिवस. घट्ट झालं की गोळ्या वळून कोको पावडरीत घोळवा. वळण्याइतकं नसेल तर दोन चमचे कपभर गरम दुधात.