नगरपरिषदेच्या नव्या इमारतीत कलाकृती करायची आहे : निविदा कशी काढावी, भिंत कशी तयार करावी?

तेरणाकाठ :
लातूर जिल्ह्यातल्या एका 'क' वर्ग नगरपरिषदेची प्रशासकीय इमारत उभी राहतेय, तळमजला अधिक दोन. अंदाजपत्रक ६ कोटींचं, त्यात कलाकृतीसाठी ६ लाख धरलेत. प्रवेशदालनात समोरची भिंत २० फूट रुंद, १० फूट उंच अशी मोकळी आहे. बाहेर पश्चिमेला जिन्याची भिंतही कोरी आहे. प्लास्टर गेल्या महिन्यात संपलं. बांधकाम विभागाचं म्हणणं, चौरस फुटाचा दर काढा, निविदा लावा, ज्याचा दर कमी त्याला काम द्या. असं केलं तर रंगारी ठेकेदार येणार आणि फ्लेक्सवरचं चित्र भिंतीवर उतरवून जाणार. लेखापरीक्षणात न अडकता चांगला कलाकार कसा निवडायचा? आणि दगड, माती, रंग यांत टिकाऊ काय? उद्घाटनाची घाई आहेच.

मोजमापवही :
बाहेरच्या काही देशांत ही तरतूद कायद्यात किंवा सरकारी नियमातच असते. फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये इमारतीच्या खर्चाचा १ टक्का कलेला बांधून दिला, फ्रान्समध्ये १९५१ पासून तसा नियम आहे, अमेरिकेच्या केंद्र सरकारी इमारतींना किमान अर्धा टक्का लागतो. तुमचे ६ लाख म्हणजे नेमका १ टक्काच झाला. पण आपल्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात अशी सक्ती नाही, म्हणून सगळा भार सभेच्या ठरावावर आणि प्रशासकीय मान्यतेवर येतो. ठरावात 'सुशोभीकरण' हा शब्द टाळा. त्या शब्दाखाली उद्या कुंड्याही येतात आणि कारंजंही. 'प्रवेशदालनातील मूळ कलाकृती, स्पर्धेद्वारे निवड' असं स्पष्ट लिहा.

कमी दराच्या कचाट्यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे रक्कम आधीच जाहीर करायची आणि चढाओढ दर्जावर घ्यायची. सगळ्यांना रक्कम तीच, त्यामुळे दराची तुलनाच उरत नाही. पहिल्या टप्प्यात फक्त आधीच्या कामांचे फोटो आणि एक पानी कल्पना मागवा. त्यातून तिघं निवडा आणि त्यांच्याकडून १:१० मापाची प्रतिकृती घ्या, म्हणजे तुमच्या भिंतीसाठी २ फूट बाय १ फूट. तिघांनाही मानधन द्या. फुकट प्रतिकृती मागितली की अनुभवी माणूस अर्जच करत नाही. समितीत मुख्याधिकारी, नगर अभियंता, इमारतीचे वास्तुविशारद आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातले एक-दोन प्राध्यापक असावेत. गुणांकनाचे निकष जाहिरातीतच छापा. अर्ज उघडल्यावर एक जरी निकष बदलला तरी आक्षेप आलाच म्हणून समजा.

६ लाखांची फोड जीएसटी धरून साधारण अशी बसेल : तिघांचं मानधन ३० हजार, भिंतीची तयारी, परांची आणि दिवे ७० हजार, कलाकृती साडेचार लाख, आकस्मिक ५० हजार. परांची, प्लास्टर दुरुस्ती, वायरिंग राज्य दरसूचीतून घ्या. कलाकृती दरसूचीत नसते, तिचं दरपृथक्करण साहित्य, मजुरी, वाहतूक, मानधन असं वेगळं जोडा. एम.बी.त, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकात, तिची नोंद चौरस फुटांत करू नका, '१ नग' करा. प्रतिकृती आणि जागेवरचा २ बाय २ फुटांचा नमुना मान्य झाला की ०.२० नगाचं देयक, अर्धं काम झालं की ०.३०, पूर्ण झालं की ०.४०, आणि उरलेले ०.१० एक पावसाळा काढल्यावर. आगाऊ रक्कम देता येत नाही ही अडचण पहिल्या टप्प्यामुळे बरीच सुटते, कारण कलाकाराच्या हाती साहित्यापुरते पैसे येतात.

काळापाषाण :
वजनाचा हिशेब आधी करा, कल्पना नंतर. आपला काळा दगड घनमीटरला २९०० किलोच्या आसपास भरतो. उठावशिल्पाला पाटी किमान ४० मिलिमीटर जाड लागते, त्यात १५ मिलिमीटर कोरीव खोली मिळते. म्हणजे चौरस फुटाला जवळपास ११ किलो. तुमच्या २०० चौरस फुटांना दोन टनांच्या वर वजन झालं. ते कॉलम-बीमच्या मधल्या विटांच्या भिंतीवर सिमेंटने चिकटवायचं नसतं. एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ठोकळ्यांची भिंत असेल तर साधा फास्टनरही धरत नाही. वरच्या आणि खालच्या आरसीसी बीमला रासायनिक अँकरने गॅल्व्हनाइज्ड अँगलचा सांगाडा बांधा, त्यावर ३०४ दर्जाच्या स्टेनलेस क्लॅम्पनी प्रत्येक पाटी स्वतंत्र टांगा. खालच्या पाटीवर वरचीचा भार नको, दोन पाट्यांत ४ ते ६ मिलिमीटर फट ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप तुमच्याच जिल्ह्यातला. प्रवेशदालनात लोक रांगेत उभे असतात हे विसरू नका. सांगाड्याच्या आराखड्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्याच.

काळ्या दगडाची आणखी एक खोड आहे. समोरून ट्यूबलाइट मारली की कोरीव काम सपाट दिसतं. दिवा वरून, भिंतीला जवळजवळ घासून खाली पडला पाहिजे, तरच सावली धरते. छताच्या खोबणीची वायरिंग आत्ताच काढून ठेवा, नंतर पीओपी फोडावं लागतं.

माझं मत विचाराल तर या रकमेत दगडापेक्षा भाजक्या मातीच्या फरश्यांचं उठावशिल्प घ्या. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या मृण्मय वस्तूंची परंपरा शेजारीच आहे, विषयही तिथेच सापडेल. २० मिलिमीटर जाडीला चौरस फुटाला साडेतीन किलो, सगळी भिंत सातशे किलोंत बसते. माती वाळताना आणि भाजताना मिळून ८ ते १० टक्के आटते, म्हणून मूळ साचा तेवढा मोठा करावा लागतो. दोन-चार फरश्या भट्टीत वाकतात, तडकतात. करारात १० टक्के जादा फरश्या मागा आणि उरलेल्या कार्यालयात जपून ठेवा. पुढे एखादी फुटली तर तोच रंग पुन्हा मिळत नाही.

गेरू :
दोघांनी भिंतीला गृहीत धरलं, म्हणून हे. प्लास्टर एक महिन्याचं आहे, म्हणजे अजून क्षार सोडतंय. रंगाला २८ दिवस हा किमान आकडा झाला, आपल्याकडे तेवढ्यावर भागत नाही. बोअरचं पाणी जड. प्लास्टरला तेच वापरलं असेल तर पहिल्या पावसाळ्यानंतर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, फुटतो आणि चित्र आतून सुटतं. पाण्याचा तपासणी अहवाल काढून बघा. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार सल्फेट लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या आत हवं. लोणा दिसला तर कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत आत जातो.

ओल तपासायची सोपी रीत सांगतो. दीड बाय दीड फुटाचा जाड प्लॅस्टिक कागद चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा, दुसऱ्या दिवशी काढा. आतून थेंब किंवा काळपट डाग दिसला तर थांबा. आणि त्या भिंतीच्या मागे काय आहे ते नकाशात पाहा. बऱ्याच कार्यालयांत प्रवेशदालनाच्या मागेच स्वच्छतागृह येतं. तसं असेल तर चित्र थेट भिंतीवर नकोच. दीड-दोन इंच फट सोडून सिमेंट बोर्डच्या पट्ट्यांवर करा, गळती झाली तरी पट्ट्या उतरवता येतात.

पश्चिमेची भिंत सोडून द्या. ६ लाखांत दोन भिंती म्हणजे दोन्ही अर्ध्या. तिथे एप्रिल-मेची दुपार अंगावर येते. झगझगीत गुलाबी, नारिंगी पहिल्यांदा उडतात. टिकतात ते लोहाचे रंग : गेरू, पिवळी माती, काव. पुढे कधी पैसे आलेच तर व्हिट्रिफाइड तुकड्यांचं मोझेक करा. पाणी शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असलेली फरशी, पॉलिमरचा चिकटवा, आणि दर तीन मीटरला लवचीक सांधा. सांधा नसेल तर उन्हात फुगून मधूनच पोट सुटतं.

एक सूचना : अर्जांच्या निम्म्या कल्पनांत अजिंठ्याचा पद्मपाणी असणार. ते चित्र गुहेच्या अंधारात, मातीच्या कोरड्या गिलाव्यावर आहे. त्याची अॅक्रेलिक नक्कल ट्यूबलाइटखाली कॅलेंडरसारखी दिसते. 'प्रतिकृती नको, मूळ काम हवं' हे जाहिरातीत टाका.

तेरणाकाठ :
फार उपयोग झाला. नकाशा पाहिला, मागे स्वच्छतागृहच आहे! भाजक्या मातीचं मनात भरतंय. अजून दोन शंका. काही सदस्य म्हणतात, हे सगळं सोडा आणि अर्धपुतळा बसवा. आणि पुढे मागे ती भिंत पाडायची वेळ आली तर कलाकाराला विचारावं लागतं का?

मोजमापवही :
पुतळा म्हटलं की रस्ताच बदलतो. २ मे २०१७ च्या शासन निर्णयाची मार्गदर्शक तत्त्वं लागतात : जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, क्ले मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता, सोबत इतर ना-हरकती. उद्घाटन गाठायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

दुसऱ्याचं उत्तर : विचारलेलं बरं. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प होतं, ते १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं आणि त्याची नासधूस झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला उरलेले तुकडे शिल्पकाराला परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. आधार होता कॉपीराइट कायद्याचं कलम ५७, म्हणजे कृतीचं विद्रूपीकरण होऊ न देण्याचा कलाकाराचा हक्क. तेव्हा करारात लिहा : काढायची वेळ आली तर ९० दिवस आधी लेखी सूचना, काढण्याचं काम कलाकाराच्या देखरेखीखाली, त्याला नको असेल तर नगरपरिषदेने जपून ठेवायचं. काळापाषाण यांचे सुटे क्लॅम्प आणि गेरू यांची फट इथेही कामाला येतात. सिमेंटने चिकटवलेलं काही सरळ निघत नाही.

गेरू :
मातीचं ठरलं तर तीच फट ठेवा, पण सिमेंट बोर्डऐवजी काळापाषाण यांचा सांगाडा वापरा, फरश्यांना मागून खाचा पाडून. खालचे तीन फूट मात्र कलाकृती नको, तिथे गुळगुळीत काळी फरशी लावा, पुसता येते. थुंकणारे थांबणार नाहीत. शिवाय नागरिकांच्या सनदेचा फलक, नामफलक, सीसीटीव्ही आणि घड्याळ यांच्या जागा आजच दुसऱ्या भिंतीवर आखून घ्या. नाहीतर उद्घाटनाच्या आदल्या रात्री कुणीतरी ड्रिल घेऊन येतो आणि सगळ्यात मोकळी दिसणारी भिंत हीच असते.