प्रोजेक्ट मॅनेजरच्या इंटरव्ह्यूत पॅनेलला नेमकं काय ऐकायचं असतं? (पुणे)

वाकडचा_टेकलीड

नमस्कार मंडळी. बँकिंग डोमेनमध्ये टेक लीड आहे, जावा बॅकग्राउंड, आणि गेलं वर्षभर प्लॅनिंग, क्लायंट कॉल, कोणाला कुठे लावायचं हे सगळं मीच बघतोय, फक्त डेझिग्नेशन मिळत नाहीये म्हणून बाहेर बघायला लागलोय. हिंजवडी आणि खराडी दोन्हीकडून कॉल आले. टेक्निकल इंटरव्ह्यूला कसं, उत्तर बरोबर आलं की चूक ते तिथल्या तिथे कळतं, इथे तासभर बोलून बाहेर पडतो आणि काही अंदाजच येत नाही. एका ठिकाणी विचारलं, फिक्स्ड बिड (ठरलेल्या एकाच रकमेत करून द्यायचा) प्रोजेक्ट सहा आठवडे मागे आहे, क्लायंटने मधेच स्कोप (कामाची व्याप्ती) वाढवलाय, दोन सीनियर लोकांनी पेपर टाकलेत म्हणजे राजीनामे दिलेत, आता काय करणार? मी बोललो जे सुचलं ते, समोरचे तिघंही नुसते लिहून घेत होते. दुसरीकडे सीपीआय-एसपीआयचं (खर्च आणि वेळ प्लॅनच्या तुलनेत कुठे आहेत ते दाखवणारे आकडे) गणित घातलं, आणि "तुमचा फसलेला प्रोजेक्ट सांगा" हे तर सगळीकडेच आहे. पुढच्या आठवड्यात अजून एक पॅनेल आहे. ज्यांनी हे इंटरव्ह्यू दिलेत किंवा घेतलेत त्यांनी प्लीज मोकळेपणाने सांगा, समोरचा नक्की काय शोधत असतो? आणि पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) केल्याशिवाय खरंच काही होत नाही का?

मगरपट्टा_डिलिव्हरी

मी बरीच वर्षं अशा पॅनेलवर बसते आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्हाला विचारलेला तो सहा आठवड्यांचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पॅनेलमध्ये या ना त्या रूपात असतो आणि त्याला एक बरोबर उत्तर नाही, आम्ही बघतो की उमेदवार उत्तराला हात घालण्याआधी काय विचारतो. वाढलेला स्कोप लेखी आलाय की कॉलवर तोंडी? चेंज रिक्वेस्ट (वाढीव कामाची लेखी मागणी) काढली होती का? कॉन्ट्रॅक्टमध्ये पेनल्टी कुठल्या माइलस्टोनला आहे? उशीर क्रिटिकल पाथवर आहे (म्हणजे ज्या कामांना उशीर झाला की शेवटची तारीखच हलते) की ज्या कामांना फ्लोट म्हणजे मोकळा वेळ आहे तिथे? हे चार प्रश्न ज्याच्या तोंडून आपसूक येतात त्याने ते काम केलेलं असतं. फिक्स्ड बिड असेल आणि चेंज रिक्वेस्ट नसेल तर वाढीव स्कोपचा खर्च आपल्या माथी आणि टाइम अँड मटेरियल (लागलेल्या तासांप्रमाणे बिल) असेल तर क्लायंटच्या, एवढा फरक डोक्यात नसेल तर पुढचं सगळं बोलणं हवेत जातं.

बहुतेक लोक पटकन म्हणतात माणसं वाढवू. पाच जणांच्या टीममध्ये एकमेकांशी बोलायच्या जोड्या १० होतात आणि दहा जणांच्या टीममध्ये ४५, शिवाय नवीन माणसाला केटी (कामाची माहिती) द्यायला जुन्यातलाच कोणीतरी काम सोडून बसतो, त्यामुळे उशिरा चाललेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं ओतली की आधी अजून उशीर होतो. माणसं घ्याच, पण कुठल्या कामावर घेणार आणि पहिले काही दिवस त्यांच्याकडून काहीच निघणार नाही हे धरून सांगा. सोबत रिलीज दोन टप्प्यांत करता येईल का, क्लायंटला त्या तारखेला खरोखर काय लागतंय, हे विचारून स्कोपला कात्री लावायची तयारी दाखवा.

आता गणिताचं. समजा बजेट ४० लाख, आजपर्यंत ६० टक्के काम व्हायला हवं होतं म्हणजे पीव्ही (ठरलेल्या कामाची किंमत) २४ लाख, प्रत्यक्षात झालंय ४० टक्के म्हणजे ईव्ही (झालेल्या कामाची किंमत) १६ लाख, आणि खर्च झालाय २० लाख. सीपीआय १६ भागिले २० म्हणजे ०.८, एसपीआय १६ भागिले २४ म्हणजे साधारण ०.६७, आणि याच वेगाने गेलात तर शेवटचा खर्च ४० भागिले ०.८ म्हणजे ५० लाख. इथपर्यंत पाठ करून येणारे खूप आहेत. मी लगेच विचारते की हे वरचे १० लाख तुम्ही कोणाला, कधी आणि कुठल्या शब्दांत सांगाल? आणि तिथे बहुतेक जण गप्प होतात. माझ्या मते पीएमचा इंटरव्ह्यू या एका गोष्टीवर ठरतो, वाईट बातमी आकड्यांसकट वेळेवर सांगायची हिंमत आणि सोबत पर्याय. बाहेरून हिरवा (सगळं ठीक) आणि आतून लाल (अडचणीत) असा कलिंगडासारखा स्टेटस रिपोर्ट महिनोन् महिने पाठवत राहणारा माणूस मला नकोय, भले तो कितीही हुशार असो.

टेक लीडवरून येणाऱ्यांना अजून एक सांगते. तुम्ही लोक सारखं "आम्ही केलं, टीमने केलं" म्हणता, संस्कार चांगले आहेत पण त्यातलं तुमचं काय ते आम्हाला दिसत नाही. आणि उशीर का झाला विचारलं की थेट डेटाबेस क्वेरी आणि डिझाइनमध्ये शिरता. तिथे शिरू नका, एका वाक्यात तांत्रिक कारण सांगा आणि लगेच तुम्ही काय निर्णय घेतला, कोणाशी बोललात, तारखेचं काय झालं यावर या.

चाकण_प्रोग्राम

सगळे आयटीचंच बोलतायत म्हणून लिहितो, पुण्यात पीएमच्या नोकऱ्या चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यातही भरपूर आहेत, आमच्याकडे प्रोग्राम मॅनेजर म्हणतात, आणि तिथले इंटरव्ह्यू वेगळेच असतात. माझ्या वेळेला केबिनमध्ये पंधरा मिनिटं बोलणं झालं आणि मग प्लांट हेड म्हणाले चला शॉप फ्लोअरवर. हातात एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग दिलं आणि चालता चालता विचारायला सुरुवात, एपीक्यूपीच्या (नवीन पार्टच्या क्वालिटी प्लॅनिंगची पद्धत) पाच टप्प्यांपैकी हा पार्ट आत्ता कुठे असेल, पीपॅपच्या (पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची प्रक्रिया) १८ गोष्टींपैकी सप्लायरकडून सगळ्यात उशिरा काय येतं, लेव्हल ३ सबमिशन म्हणजे कस्टमरला नक्की काय काय पाठवणार. मग मुख्य प्रश्न, डाय (पार्टला आकार देणारा साचा) तीन आठवडे उशिरा येतेय, कस्टमरची एसओपी म्हणजे गाड्यांचं प्रॉडक्शन सुरू व्हायची तारीख एक दिवसही हलणार नाही, बोला. आयटीत निदान रिलीजचे दोन तुकडे करता येतात, इथे अर्धा ब्रॅकेट गाडीला लागत नाही. मी सांगितलं की आधी टूलरूममध्ये स्वतः जाऊन बघणार की अडलंय कुठे, मशीनिंगला की हीट ट्रीटमेंटला, कारण फोनवर सगळे "झालंच साहेब" म्हणतात, मग पहिल्या लॉटपुरती सॉफ्ट टूलिंगची (तात्पुरत्या साच्याची) सोय बघणार आणि कस्टमरच्या क्वालिटीवाल्यांकडे इंटरिम अप्रूव्हल म्हणजे तात्पुरती मंजुरी मागणार, पण हे सगळं तारीख चुकायच्या आधी, नंतर नाही. वरती ताईंनी जे वेळेवर सांगण्याबद्दल लिहिलंय ते आमच्याकडेही शंभर टक्के लागू आहे, कारण इथे कस्टमरची लाइन थांबली तर बिल सप्लायरच्या नावावर फाटतं.

आणि सकाळचा इंटरव्ह्यू असेल तर नाशिक हायवेच्या ट्रॅफिकचा हिशोब धरून लवकर निघा. उशिरा पोचून शेड्यूलवर बोलणं बरं दिसत नाही.

सहकारनगरकर

पीएमपीबद्दल. माझ्याकडे आहे, त्यामुळे थोडं ठामपणे बोलू शकतो. सर्व्हिस कंपन्यांच्या जेडीमध्ये (नोकरीच्या वर्णनात) ते लिहिलेलं असतं आणि एचआर त्यावर रेझ्युमे गाळतात, त्यामुळे कॉल येण्यासाठी उपयोग नक्की आहे. पॅनेलसमोर बसल्यावर मात्र मला कोणी सर्टिफिकेटबद्दल अर्धा मिनिटसुद्धा विचारलं नाही. करायचं असेल तर ३५ तासांचं ट्रेनिंग लागतं, पदवीधराला ३६ महिने प्रोजेक्ट लीड केल्याचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तो अर्ज ऑडिटला निघू शकतो, म्हणजे ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांच्याकडून खात्री करून मागतात, तेव्हा न केलेले प्रोजेक्ट लिहू नका. डेझिग्नेशन टेक लीड असलं तरी चालतं, काम काय केलं ते महत्त्वाचं. मिळाल्यावरही दर तीन वर्षांत ६० पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) जमवावे लागतात. पुढच्या आठवड्यात पॅनेल असताना याचा विचारच करू नका, नंतर सावकाश बघा.

बाणेर-बालेवाडीकडच्या प्रॉडक्ट कंपन्यांचे इंटरव्ह्यू देणार असाल तर दुसरा एक प्रश्न येतो, स्क्रममध्ये (छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत) प्रोजेक्ट मॅनेजरचं काम काय? स्क्रम गाइडमध्ये तीनच जबाबदाऱ्या आहेत, प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर, डेव्हलपर्स, पीएम कुठेच नाही. हे सरळ मान्य करा आणि मग सांगा की बजेट, व्हेंडरचं कॉन्ट्रॅक्ट, तीन-चार टीम्सचं एकमेकांत अडकलेलं काम, ऑडिट, हे कोणीतरी बघावंच लागतं आणि ते मी बघतो. मीच स्क्रम मास्टर आणि मीच सगळं असं म्हणालात तर टीमला रोज कामं वाटून देणारा माणूस अशी तुमची प्रतिमा होते.

ताईंशी एका बाबतीत मात्र असहमत. फसलेल्या प्रोजेक्टच्या प्रश्नाला सगळे आकडे उघड करायची गरज नसते, क्लायंटचं नाव आणि रक्कम गाळूनच बोला. गोपनीयतेचा करार तोडून बोलणारा उमेदवार मला तरी नको असतो.

मगरपट्टा_डिलिव्हरी

@सहकारनगरकर नाव आणि रक्कम गाळाच, त्यात वादच नाही. पण टक्के आणि आठवडे सांगता येतात. "थोडा उशीर झाला होता" यावरून मला काहीही कळत नाही.

पुन्हा_कामावर

मी मुलीच्या जन्मानंतर मोठा ब्रेक घेऊन परत पीएम म्हणून लागले, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा. एका कंपनीत अर्धा वेळ घरी मुलीला कोण बघणार यावरच गेला, सोबत इंटरव्ह्यू दिलेल्या माझ्या मित्राला, त्यालाही तेवढ्याच वयाचा मुलगा आहे, हे कोणी विचारलं नाही. मला त्याचा अजूनही राग येतो. जिथे लागले तिथे वेगळाच प्रकार होता, त्यांनी लॅपटॉप दिला, एका प्रोजेक्टचे उलटसुलट ईमेल आणि एक अर्धवट प्लॅन दिला आणि सांगितलं वीस मिनिटांत क्लायंटच्या डायरेक्टरला जाईल असा एक पानी स्टेटस लिहा. मी पहिल्या ओळीत लाल लिहिलं, दुसऱ्या ओळीत तारीख किती हलतेय, मग त्यांच्याकडून कुठला निर्णय कधीपर्यंत हवाय, आणि बाकी सगळं खाली. नंतर मॅनेजर म्हणाले की बरेच जण वरचं अर्धं पान काय काय झालं यावरच घालवतात. घरी बसून असे दोन-तीन रिपोर्ट लिहून बघा, खूप फायदा होतो.

आणि शेवटी "तुमचे काही प्रश्न?" म्हणतात तेव्हा नाही म्हणू नका. ही जागा का रिकामी झाली ते विचारा. क्लायंट अमेरिकेचा असेल तर कॉल किती वाजता असतात ते विचारा, न्यूयॉर्कशी आपला फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा, म्हणजे नोव्हेंबरपासून तोच कॉल इथे एक तास उशिरा सरकतो, आणि घरात लहान मूल असेल तर तो एक तास फार मोठा असतो. प्रोजेक्टची टीम ठरलेली आहे की जॉइन झाल्यावर तुम्हालाच भरती करायचीय हेही विचारून घ्या.

वाकडचा_टेकलीड

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. स्टेटस रिपोर्टची प्रॅक्टिस आजपासूनच चालू करतो. अजून एक विचारतो, माझा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे आणि या पॅनेलवाल्यांना एका महिन्यात माणूस हवाय. एचआर फोनवर म्हणाली बायआउट (उरलेल्या नोटीसचे पैसे भरून सुटका) करू, काळजी नको. इंटरव्ह्यूत हे मी काढू की गप्प बसू?

मगरपट्टा_डिलिव्हरी

पहिल्याच राउंडला ९० दिवस असं स्पष्ट सांगून टाका, लपवलेली तारीख नंतर कळली की पॅनेल तिथेच नाराज होतं. आणि बायआउटचं ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, रक्कम कोण भरणार आणि कधी परत मिळणार यासकट, आणि तुमची सध्याची कंपनी नोटीस विकत घेऊ देते का हे आधी स्वतःच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये वाचा, बऱ्याच ठिकाणी ते मॅनेजरच्या मर्जीवर ठेवलेलं असतं. लेखी हातात आल्याशिवाय इकडे राजीनामा टाकू नका.