रेडिएटरमध्ये हळद टाकून वेळ मारून नेली, आता हेड उतरवायची पाळी आलीय

सातारी_स्टेअरिंग:
सँट्रो, पेट्रोल, २००९ ची, एक लाख दहा हजार किमी. दिवाळीच्या आधी रेडिएटरला खालून बारीक लीक निघाला. नेहमीचा गॅरेजवाला म्हणाला, नवा टाका, साडेचार हजार. म्हटलं, गाडी दोन वर्षांत काढायचीच आहे, कशाला? दुसऱ्या एका मिस्त्रीने कॅप उघडून दोन मुठी हळद टाकली, वर नळाचं पाणी. दोनशे रुपये. आणि खरं सांगतो, लीक थांबला! तीन महिने मीच चारचौघांत ही युक्ती सांगत फिरलो.

परवा पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढत होतो. गाडीत चौघं, एसी चालू. तापमानाचा काटा वर सरकताना दिसत होता, पण म्हटलं वर पोचू, मग बघू. वर पोचलोच नाही. वाफ निघाली, थांबलो आणि घाबरून गरम इंजिनवर थंड पाण्याची बाटली ओतली. आता ऑइलची दांडी काढली की साय घातलेला चहा दिसतो. गॅरेजवाला म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधलं सील) गेलं, फेसिंगसकट (हेडचा तळ घासून सपाट करणं) सोळा हजार. दुसरा म्हणतो, जुनं इंजिन बसवून देतो, पंचवीस. काय करू?

पाना_दहाबारा:
आधी गाडीला सेल्फ मारणं बंद करा. ते दुधाळ ऑइल म्हणजे त्यात पाणी मिसळलंय, तसंच फिरवलं तर बेअरिंगही जातील. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तापलं की वाकतं. खोलल्यावर पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून किती वाकलंय ते तुमच्यासमोर बघायला सांगा. फेसिंगच्या आधी प्रेशर टेस्ट कराच. थंड पाणी ओतलंय म्हणता, तडा असेल तर फेसिंगचे पैसे पाण्यात. तडा नसेल तर जुन्या इंजिनाच्या नादी लागू नका, त्याचा इतिहास कुणाला ठाऊक?

घाटवाट:
पुढच्या वेळी काटा चढला की एसी बंद, हीटर फुल. केबिन भाजून निघते, पण इंजिनची उष्णता तेवढी बाहेर पडते. आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) आहे का बघा, असले मिस्त्री तोही काढून फेकतात.

सातारी_स्टेअरिंग:
आज हेड खोललं. तडा नाही, वाकलंय फक्त. फेसिंगला दिलं. थर्मोस्टॅट खरंच गायब होता. रेडिएटरच्या नळ्यांमध्ये पिवळा चिखल घट्ट बसलेला, हीटरची जाळीही चोंदली. ती, नवा रेडिएटर, कूलंट, ऑइल धरून आकडा तेवीसवर गेला.

बायको गॅरेजमध्ये सोबत होती. तो पिवळा चिखल बघून म्हणाली, "हळद लागली म्हटल्यावर लग्नाचा खर्च येणारच की." मिस्त्री अजून हसतोय.