आयडर बदक हिवाळा चरबीवर काढते का?

किनारवासी:
नमस्कार. कॅनडातील हडसन उपसागरात, बेल्चर बेटांभोवती, आयडर ही समुद्री बदके ऐन हिवाळ्यातही दक्षिणेकडे न जाता तेथेच राहतात, असे वाचले. शरद ऋतूत चरबी साठवून ती अस्वलाप्रमाणे तिच्यावरच हिवाळा काढत असावीत, अशी माझी समजूत होती. ती बरोबर असेल, तर 1991-92 च्या हिवाळ्यात तेथील आयडर मोठ्या संख्येने उपाशी का मेले?

पिसारा:
अस्वल गुहेत पडून राहते. आयडरला मात्र अन्नासाठी रोज बर्फगार पाण्यात बुड्या माराव्या लागतात, त्यामुळे ही तुलना जुळत नाही. ढोबळ हिशेब करून पाहा. दोन किलोच्या पक्ष्याच्या अंगावर 200 ग्रॅम चरबी आहे असे धरले, तर प्रतिग्रॅम सुमारे 39 किलोज्यूलप्रमाणे 7,800 किलोज्यूल ऊर्जा होते. रोजचा खर्च दीड हजार किलोज्यूल मानल्यास ही शिल्लक पाच दिवसांत संपते आणि मग छातीचे स्नायू झिजू लागतात. चरबी दुप्पट केली तरी हिवाळा निघत नाही, उलट आधीच जड असलेल्या या पक्ष्याला उडणे अधिक महाग पडते. थंडी अडवण्याचे मुख्य काम पिसांत कोंडलेली हवा करते, आणि उरलेली भिस्त रोजच्या शिंपल्यांवर असते.

ते शिंपले मिळतात समुद्राच्या तळाशी, म्हणजे बर्फात पाणी उघडे राहते तेथेच. जोरदार प्रवाहांमुळे बेटांलगतच्या काही जागा सहसा गोठत नाहीत. 1991-92 मध्ये त्याही गोठल्या. 1997 मध्ये मोजणी झाली तेव्हा तेथील विणीची संख्या 1980 च्या दशकाच्या तुलनेत सुमारे तीन-चतुर्थांशाने घटलेली आढळली.

ध्रुवरात्र:
मी नॉर्वेत ट्रोम्सो येथे राहतो. डिसेंबरात, सूर्य उगवतच नाही अशा दिवसांत, दुपारच्या अंधुक उजेडात धक्क्यावरून आयडर पाहतो. आपल्याकडच्या शिनाण्यांच्या जातकुळीतला शिंपला घेऊन पक्षी वर येतो, चोचीत एकदोनदा फिरवतो आणि कवचासकट गिळतो. तेवढ्यात एखादा कुरव तो हिसकावण्यासाठी झेपावतो. कवच पेषणीत, म्हणजे पक्ष्याच्या जठराच्या जाड स्नायूंच्या भागात, भरडले जाते. खडकांवरील विष्ठेत कवचाचा निळसर चुरा स्पष्ट दिसतो. या भरडण्याची आणि पचनाची उष्णताही शरीराला उपयोगी पडते, असे मानले जाते.

किनारवासी:
आभारी आहे. मग या बदकांमध्ये चरबीचा साठा खऱ्या अर्थाने कधी वापरला जातो?

पिसारा:
विणीच्या काळात. मादी अंडी घालण्यापूर्वी भरपूर खाऊन घेते आणि नंतर सुमारे 24 ते 26 दिवस जवळजवळ काहीही न खाता घरट्यावर बसून राहते. या काळात तिचे वजन एक-तृतीयांशापर्यंत उतरू शकते. अस्वलाशी तुलना करायचीच असेल, तर ती येथे शोभेल. मधूनच ती उठते, तीही बहुधा पाणी पिण्यापुरतीच.