घाटात दरड पडली की अख्खी गाडी रद्द कशाला? लोंढ्यापर्यंत तरी सोडा की!

खानापूरकर
बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या रेल्वेच्या कॅसलरॉक-कुळे घाटात दरड आली की लगेच यादी येते, ह्या गाड्या रद्द, त्या वळवल्या. जुलै २०२३ मध्ये कॅसलरॉक आणि करंझोळच्या मध्ये दरड आली तेव्हापण हेच झालं. घाट बंद ठेवा, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. खरं घाट सुरू होतोय कॅसलरॉकच्या पुढं. मिरज, बेळगाव, खानापूर, गुंजी, लोंढा हा सगळा रूळ तर धडधाकट असतोय, मग त्यावरनं जाणाऱ्या माणसाची गाडी कशाला बंद करायची? सकाळी खानापूर स्टेशनात भाजीची बुट्टी घेऊन बसलेली बाई काय मोबाईलवर यादी बघत नाही. गाडी आली नाही की मगच तिला कळतंय, मग बुट्टी परत डोक्यावर आणि चालत बस स्टँड, तिथं भरलेल्या बसमध्ये बुट्टी ठेवायला जागा नाही, आणि बेळगावात पोचेपर्यंत सकाळचं गिऱ्हाईक गेलेलं असतंय. वास्कोला जाणारी गाडी लोंढ्यात थांबवा, तिथनंच परत फिरवा. एवढंच मागणं आहे.

निवृत्त गार्ड
खानापूरकर, तुमची कळकळ पटते, खरं गाडी म्हणजे रिक्षा नव्हे की चौकातनं फिरवली. निजामुद्दीनहून आलेल्या गाडीचं धुणं, पाणी, तपासणी हे सगळं वास्कोला होतंय आणि मग तोच रेक, म्हणजे डब्यांचा अख्खा संच, परत जातोय. लोंढ्यात एवढ्या लांब गाडीची देखभाल कुठं करणार? बरं, घाट बंद असला की मालगाड्या, इंजिनं, वळवायच्या गाड्या सगळं लोंढ्यातच येऊन तुंबतंय. तिथली एक लाईन दिवसभर अडवली तर हुबळीकडची वाहतूकपण खोळंबते. मी ह्या सेक्शनला ड्युटी केलीय, गाड्यांची ये-जा ठरवणारा कंट्रोलवाला मुद्दाम कुणाला त्रास देत नाही हो.

खानापूरकर
काका, लांबच्या गाडीचं समजलं. मग एक आठ-दहा डब्यांची साधी गाडी मिरज-लोंढा जास्तीची सोडा, तिला कुठं एवढी देखभाल लागते? मिरज-कॅसलरॉक गाडी हायच की, तिची एक फेरी वाढवा. घाटाचं काम चालू असेपर्यंतच म्हणतोय.

टिळकवाडीकर
मला हा सगळा आग्रहच धोक्याचा वाटतोय. आज लोंढ्यापर्यंत म्हणता, उद्या लोकं म्हणणार कॅसलरॉकपर्यंत, परवा म्हणणार घाट हळूहळू सुरू करा. २३ जुलै २०२१ आठवा. चिपळूणला वाशिष्ठीला पूर आला म्हणून मंगळूर-मुंबई गाडी आपल्या बाजूनं वळवली आणि दूधसागर-सोनावळीच्या मध्ये दरड अंगावर येऊन इंजिन आणि पहिला डबा रुळावरनं उतरला. जीव गेला नाही हे नशीब. १ : ३७ चा चढ, मागनं ढकलणारं बँकर इंजिन लावल्याशिवाय गाडी चढत नाही, अशा ठिकाणी घाई नको. दोन आठवडे बसनं जावा, काय बिघडत नाही. बायकांना तर कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बस फुकटच आहे.

गुंजीची पोरगी
बस फुकट आहे पण बस आहे कुठं? आमच्याकडं गाडी बंद झाली की कॉलेजची पोरं, दवाखान्याची माणसं सगळी त्याच एका बसवर येतात, दारात लोंबकळून जायचं, आणि कधीकधी बस थांबतच नाही, हात करून करून हात दुखतो. घाटात गाडी चालवा असं धाग्यात कुणी म्हटलंय का? तुम्ही जे कुणी मागितलंच नाही त्याला उत्तर द्यायलाय. गुंजी ते बेळगाव कुठला घाट आलाय हो?

अनगोळकर
मुळात दुपदरीकरण झालं असतं तर ही वेळ आली नसती. एक लाईन बंद तर दुसरी चालू. हॉस्पेट-तिनईघाट-वास्को काम मंजूर होतं, २०२२ ला सुप्रीम कोर्टानं कॅसलरॉक-कुळे तुकड्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली. झाडं वाचवली, माणसं राहिली लटकत.

जोयड्याचा
अनगोळकर, दुसरी लाईन काय दुसऱ्या डोंगरातनं जाणार होती काय? त्याच उतारावर, त्याच मातीत अजून एक काप घालायचा. वरची माती सुटली की शेजारशेजारचे दोन्ही रूळ एकदमच गाडणार. आमच्या भागात पाऊस किती पडतोय ते येऊन बघा. उतारावर झाडाची मुळं आहेत म्हणून तो डोंगर एवढा तरी टिकलाय. पैसे घालायचेच तर वरच्या अंगाला पाण्याचे चर, जाळ्या, गॅबियनच्या म्हणजे जाळीत दगड भरलेल्या भिंती ह्यात घाला, आणि ते उन्हाळ्यात करा.

निवृत्त गार्ड
जोयडाकर बरोबर बोलले. लोकं विचारतात दरड काढायला एवढे दिवस कशाला लागतात. घाटात सगळीकडं रस्ताच नाही, पोकलेन असो की गॅबियनचे दगड, सगळं रुळावरनंच न्यायला लागतंय. वर पाऊस चालू, एक ढिगारा काढला की वरनं दुसरा येतोय. मोकळं झालं तरी आधी इंजिन, मग मालगाडी, मग कॉशन लावून, म्हणजे वेग कमी ठेवायला सांगून, पॅसेंजर. मालगाडी आधी सोडली म्हणून लोकं चिडतात, खरं ती माणसांच्या आधी वजन घालून बघायला असते.

टिळकवाडीकर
गुंजीच्या ताईंचं म्हणणं वाचलं. लोंढ्यापर्यंत गाडीला माझी हरकत नाही, खरं त्यातपण घोळ आहे. गाडी पूर्ण रद्द झाली की ऑनलाईन तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात. अर्ध्यात थांबवली की टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरायला लागतो. मडगावचं तिकीट काढलेला म्हातारा माणूस रात्री पावसात लोंढ्यात उतरवला तर पुढं जाणार कसा? अनमोड घाटात रात्री बस मिळते काय?

खानापूरकर
म्हणून तर लांबची गाडी नको, वेगळी साधी गाडी म्हणतोय, तिच्यात मडगावचं तिकीट देऊच नका! स्लीपरच्या एका डब्यात ७२ ते ८० माणसं, बसमध्ये ५०, म्हणजे अख्ख्या गाडीला बस पुरवणं जमणारच नाही, हे मलापण कळतंय. गोव्याचा माणूस चोर्ला घाटाच्या रस्त्यानं जाऊ दे. खरं लोंढा, गुंजी, खानापूर, देसूरच्या माणसाला दुसरी वाट नाही. काका, तुम्ही सेक्शनला होता, अर्जात नेमकं काय लिहायचं सांगा, सकाळी किती वाजताची फेरी लोंढ्यात लाईन न अडवता बसेल? त्या वेळेसकट गुंजी आणि खानापुरात सह्या घेतो.

निवृत्त गार्ड
गाडी मिरजेहून नको, लोंढ्याहूनच सुटणारी मागा. रात्री रेक तिथं उभा करायचा तर बाजूची लाईन लागणार, ते आधी लिहा. वेळ कॉलेजच्या हिशोबानं धरा, साडेआठच्या आत बेळगाव. आणि अर्ज जूनच्या आधी द्या, दरड आल्यावर कुणी वाचत नाही.